महागडे इन-इअर मॉनिटर कसे पारखावेत: हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इन-इअर मॉनिटर, म्हणजे आयईएम, यांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक पाश्चात्त्य पॉप, रॉक किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत समोर ठेवून लिहिलेलं असतं. ज्यांचं ऐकणं ख्याल, तबला, नाट्यपदं आणि अभंग यांत आहे त्यांना त्यातून अर्धंच उत्तर मिळतं. खालची उत्तरं त्यांच्यासाठी. माझी भूमिका आधीच सांगते: मैफलीत समोर बसून ऐकलेला तंबोरा आणि तबला कानात पक्का असेल, तर पन्नास हजारांचा आयईएम पारखायला दुसरी मोजपट्टी शोधावी लागत नाही. बाकीची तांत्रिक माहिती लागते ती त्या मोजपट्टीचा वापर नीट करता यावा म्हणून.

आयईएम आणि साधा इअरफोन यांत फरक काय?

आयईएमची नळी कानाच्या भोकात जाते आणि तिच्या तोंडावरची मऊ टिप ते भोक बंद करते. बाहेरचा आवाज अडतो, आणि कानाच्या पडद्यापाशी उरलेल्या लहानशा बंद पोकळीत ध्वनी तयार होतो. अमेरिकेतल्या एटिमॉटिक रिसर्चने १९९१ मध्ये ईआर-४ आणला. त्यातला ड्रायव्हर, म्हणजे विजेतून आवाज तयार करणारा भाग, बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचा होता: चुंबकांमध्ये तोलून धरलेली बारीक पाती हलवून आवाज करणारा. तो श्रवणयंत्रांच्या तंत्रातून आलेला होता. पुढे १९९५ च्या सुमारास जेरी हार्वी यांनी व्हॅन हेलन या रॉक बँडसाठी रंगमंचावर वापरायचे आयईएम घडवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. ‘मॉनिटर’ हा शब्द तिथला आहे: कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. आज मात्र नुसतं ऐकायला घेतलेल्या महागड्या इअरफोनलाही सगळे आयईएमच म्हणतात.

किंमत जास्त म्हणजे आवाज चांगला का?

नाही. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कानात घालायचेही होते. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांचं एकमेकांशी प्रमाण, आणि बाजारातली किंमत यांचा संबंध त्यांना आढळला नाही. आवाजाचा स्वभाव सर्वांत जास्त ठरतो तो याच प्रमाणावरून. म्हणून हा निष्कर्ष खिशात हात घालण्याआधी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मग पैसे कशाचे जातात? कवचाची घडण, डाव्या-उजव्या बाजूंची बारकाईने जुळवणी, सुटे भाग मिळण्याची शक्यता, नवा ड्रायव्हर विकसित करण्याचा खर्च, आणि बराचसा भाग प्रतिष्ठेचा. ६४ ऑडिओच्या यू१२टीमध्ये प्रत्येक बाजूला १२ बॅलन्स्ड आर्मेचर आहेत. सेनहायझरच्या आयई ९०० मध्ये ७ मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे छोट्या स्पीकरसारखा, आहे. दोन्ही लाखाच्या परिसरातली किंवा त्याहून वरची खरेदी. ड्रायव्हर मोजून गुणवत्ता ठरत असती तर या दोघांना एका पंगतीत बसवलं गेलं नसतं.

ऐकायला सुरुवात करण्याआधी काय तपासायचं?

टिप. माझ्या मते निम्मी परीक्षणं इथेच चुकतात. टिप कानात घट्ट बसली नाही तर फटीतून दाब निसटतो आणि खालचा भाग गळतो. डग्गा पोकळ वाजतो, पुरुषाचा आवाज छातीतून न येता गळ्यातूनच आल्यासारखा वाटतो, आणि माणूस म्हणतो, ‘एवढे पैसे घेऊन बेस नाही.’ दोष आयईएमचा नसतो.

तपासायची पद्धत सोपी. फोनवर टोन जनरेटरचं एखादं ॲप घ्या, आवाज अगदी कमी ठेवा आणि ५० हर्ट्झचा स्वर लावा. मग तोच स्वर ५०० हर्ट्झपर्यंत सावकाश न्या. खाली स्वर जवळजवळ नाहीसा होत असेल आणि आयईएम बोटाने हलकेच आत दाबल्यावर परत येत असेल, तर फट आहे. मोठी टिप लावा, नाहीतर फोमची. दोन्ही कानांना एकच माप लागेल असं धरून चालू नका. कित्येकांच्या डाव्या-उजव्या कानांची भोकं वेगळ्या आकाराची असतात. टिप घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढला की ती नीट आत जाते.

टिपचं द्रव्य आणि तिच्या तोंडाचा व्यास यांनीही वरच्या स्वरांत फरक पडतो. फोम तिखटपणा थोडा शोषून घेतो, रुंद तोंडाच्या सिलिकॉन टिपा वरचा भाग मोकळा ठेवतात. म्हणून पारखताना कोणती टिप लावली आहे ते लिहून ठेवा. टिप बदलली की तो वेगळा आयईएम समजायचा.

तंबोऱ्यात नेमकं काय ऐकायचं?

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या.

काळी एकला गाणाऱ्या पुरुष गायकाचा तंबोरा घ्या. जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. पण तंबोऱ्याचा आवाज या मूळ स्वरांपेक्षा त्यांच्या वरच्या अंशस्वरांनी, म्हणजे मूळ स्वराच्या पटीत उमटणाऱ्या बारीक स्वरांनी, भरलेला असतो. घोडीचा वक्र पृष्ठभाग आणि त्यावर तारेखाली सरकवलेला दोरा यांमुळे तार छेडल्यावर अंशस्वर एकामागून एक फुलतात आणि विरतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात घोडीचं हे वागणं नोंदवलं होतं.

आता कानाने करायची परीक्षा. तंबोरा सुरात असेल तर खर्जातून स्वयंभू गांधार उमटतो. हा खर्जाचा पाचवा अंशस्वर, म्हणजे काळी एकसाठी सुमारे ३४७ हर्ट्झ. चांगल्या आयईएमवर तो हळू आवाजातही, शोधावा न लागता ऐकू यायला हवा. खालचा भाग फुगवलेला असेल तर खर्जाचा धूर होतो आणि गांधार त्यात बुडतो. मधला भाग दाबलेला असेल तर नुसती झणझण उरते.

दुसरी गोष्ट जवारीची, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथल्या घासणीतून येणाऱ्या झंकाराची. खुली जवारी आणि बंद जवारी यांतला फरक ज्याने तंबोरे लावताना पाहिलं आहे त्याला सांगावा लागत नाही. आयईएमवर प्रत्येक तंबोरा खुल्या जवारीचा वाटत असेल, सगळीकडे सारखीच चमक असेल, तर वरचा भाग वाढवलेला आहे. दोन वेगळ्या मैफलींतले तंबोरे वेगळे ओळखू आले पाहिजेत. मला तर ही एकच कसोटी घेऊन दुकानात जायला सांगितलं तरी चालेल.

तुम्ही सांगली-मिरजेकडचे असाल तर मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांकडे एकदा जाऊन बसा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे जवारी लावताना कारागीर कान देऊन काय ऐकतो ते पाहिलं की कशाकडे लक्ष द्यायचं हे आपोआप कळतं. एक सावधगिरी: आजच्या अनेक ध्वनिमुद्रणांत इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो. त्यावर परीक्षा करू नका, त्याचे अंशस्वर तसे फुलत नाहीत.

आणि तबल्यात?

तबल्याच्या शाईमुळे चामड्याचे अंशस्वर सुरेल प्रमाणात येतात. हे रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं. साध्या ढोलावर असे सुरेल अंशस्वर मिळत नाहीत. म्हणून ‘ना’ वाजला की आघात आणि स्वर, दोन्ही वेगळे कळायला हवेत. आधी चाटेवरच्या, म्हणजे तबल्याच्या कडेवरच्या, बोटाचा टोकदार स्पर्श, लगेच मागून षड्ज. आयईएमवर नुसता टकटकीत आघात येत असेल तर वरच्या भागात कुठेतरी टोक, म्हणजे एखादा अरुंद पट्टा एकदम उंचावलेला, आहे. आघात बोथट होऊन फक्त स्वर घुमत असेल तर वरचा भाग कमी आहे.

डग्ग्यावर घिस्सा किंवा मींड असलेली जागा शोधा. मनगटाच्या दाबाने स्वर खालून वर सरकतो, आणि सरकताना त्याची जाडी सारखी राहायला हवी. मध्येच एखादा स्वर उसळून येत असेल तर त्या वारंवारतेपाशी उंचवटा आहे. खालच्या टोकाला स्वर गायब होत असेल तर आधी टिप तपासा, मग आयईएमला बोल लावा.

वेगाची परीक्षा रेल्यावर करा. ‘तिरकिट’, ‘धिरधिर’ द्रुतमध्ये चालू असताना प्रत्येक अक्षर मोजता आलं पाहिजे. स्वस्त आणि महाग यांतला खरा फरक मला बहुतेकदा इथे ऐकू आला आहे, आणि काही महागडे आयईएमही इथे फसलेले आहेत.

एक उपयोगी निरीक्षण: आपल्या या संगीतात ४० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काही नसतं. असतो तो मंचावरचा पायांचा धक्का किंवा माइकला लागलेला हात. त्यामुळे ‘सब-बेस जबरदस्त आहे’ हे कौतुक वाचून भुलू नका. ते वापरायची संधीच तुम्हाला मिळणार नाही. १०० ते ३०० हर्ट्झचा पट्टा स्वच्छ आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

गळा आणि पेटी यांबाबत?

‘स’, ‘श’, ‘छ’ हे वर्ण बंदिशीत जिथे येतात तिथे कान लावा. त्यांची ऊर्जा साधारण ५ ते ९ किलोहर्ट्झमध्ये असते. तिथे टोक असेल तर ते सुईसारखे टोचतात आणि अर्ध्या तासात डोकं दुखू लागतं. आलापाच्या संथ जागी, दोन वाक्यांमधला श्वास ऐकू येतो का ते पाहा. ऐकू यावा, पण गाण्याच्या पुढे येऊ नये.

पेटीची संगत ही फार चांगली कसोटी आहे आणि ती कुणी वापरत नाही. पेटीचे सूर आणि गळा एकाच पट्ट्यात असतात, पेटी गायकाच्या मागून सावलीसारखी येते. ३ किलोहर्ट्झपाशी जास्त उठाव असलेल्या आयईएमवर पेटी गळ्यावर चढते. तोच भाग दबलेला असेल तर पेटी आणि गळा एकमेकांत मिसळून जातात आणि तानेचे दाणे पुसट होतात.

जुन्या ध्वनिमुद्रणांवर पारखता येतं का?

येतं, पण कशासाठी हे ठाऊक हवं. १९२५ च्या आधी ध्वनिमुद्रण कर्ण्यातून, विजेविना व्हायचं. त्यानंतरच्याही ७८ आरपीएम तबकड्यांत वरचे स्वर फारसे नाहीत. त्यामुळे ट्रेबल जोखायला त्या निरुपयोगी. मात्र दोन गोष्टींसाठी त्या उत्तम आहेत.

पहिली, मधला भाग. त्यात जे काही आहे ते सगळं तिथेच आहे. जुना आवाज ऐकताना गायकाचं वय, गळ्याचा पोत कळत असेल तर आयईएमचा मध्य चांगला.

दुसरी, डाव्या-उजव्याची जुळवणी. मोनो ध्वनिमुद्रणात दोन्ही बाजूंना अगदी तोच आवाज असतो, म्हणून गायक डोक्याच्या बरोबर मध्ये बसायला हवा. तार सप्तकात गेल्यावर तो डावीकडे सरकत असेल आणि मंद्रात परत मध्ये येत असेल, तर दोन बाजूंचे ड्रायव्हर त्या भागात जुळलेले नाहीत. आयईएम उलटसुलट घालून, म्हणजे डावा उजव्या कानात, एकदा पडताळा. सरकण्याची दिशाही उलटली तर दोष आयईएमचा. तशीच राहिली तर कानाचा किंवा त्या कानात टिप नीट न बसण्याचा. लाखाच्या वस्तूत ही जुळवणी नसेल तर ती परत करा.

ग्राफ पाहून विकत घेतलं तर?

फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा ग्राफ वाचता यायला हवा, पण त्याच्या मर्यादेसह. मोजमापाला बहुतेक जण आयईसी ६०३१८-४ मानकाचा कृत्रिम कान वापरतात, जुन्या नावाने ७११. हा साधारण १० किलोहर्ट्झपर्यंतच विश्वासाचा. त्यात ८ किलोहर्ट्झपाशी दिसणारं टोक बऱ्याचदा आयईएम आणि कृत्रिम कानाच्या नळीच्या मधल्या पोकळीचं असतं. आयईएम किती खोल घातला यावर ते पुढे-मागे सरकतं. ब्रुएल अँड क्यार यांचा नवा ५१२८ हा कृत्रिम कान माणसाच्या कानाला जास्त जवळचा आहे. दोन्हींची मोजमापं एकमेकांवर ठेवून तुलना करायची नसते.

ग्राफमध्ये ३ किलोहर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा पाहून घाबरायचं कारण नाही. उघड्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती स्वतःच त्या भागातले स्वर वाढवते. आयईएमने ती नळी बंद केली की ही वाढ हरवते. ती भरून काढायला हवीच.

सीन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांच्या हरमन या ध्वनियंत्रांच्या कंपनीतल्या संशोधनातून आलेली लक्ष्यरेषा, म्हणजे ग्राफ कसा असावा याचा नमुना, तुम्हाला सगळीकडे दिसेल. ती अनेक श्रोत्यांची पसंती नोंदवून काढली आहे, त्यामुळे सुरुवात करायला उत्तम. इन-इअरसाठी तिच्यात खालचा भाग बराच उचललेला आहे. ख्याल ऐकणाऱ्याला तो थोडा कमी केलेला आवडण्याची शक्यता जास्त, असं मला वाटतं.

दोन आयईएमची तुलना करताना कोणती काळजी घ्यायची?

आवाजाची पातळी. दोनांपैकी जो किंचित मोठा वाजतो तो आपल्याला जास्त स्वच्छ, जास्त भरलेला वाटतो, आणि मोठेपणामुळे तसं वाटतंय हे लक्षातही येत नाही. कानाचं वागणं पातळीनुसार बदलतं, हळू आवाजात खालचे स्वर जास्त कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजलं आहे.

एकच आयईएम दोन डॅकवर, म्हणजे डिजिटल फाइलचं विजेच्या लहरींत रूपांतर करणाऱ्या यंत्रांवर, ऐकायचा असेल तर पातळी अचूक जुळवता येते. १०० हर्ट्झचा स्वर लावा आणि साध्या मल्टिमीटरने आयईएम जोडलेला असताना एसी व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे आकडा सारखा आला पाहिजे. दोन वेगळ्या आयईएमसाठी हे पुरत नाही, कारण त्यांचा स्वभावच वेगळा. तिथे गायकाचा मध्य सप्तकातला आकार घेऊन कानाने जुळवा. मग मुद्दाम एकदा पहिला एक पायरी मोठा करून ऐका, एकदा दुसरा. मत पायरीबरोबर बदलत असेल तर ते मत आवाजाच्या मोठेपणाबद्दल होतं.

तुकडा लहान ठेवा, वीस-तीस सेकंदांचा, आणि लगेच बदला. सूक्ष्म फरकाची आठवण फार टिकत नाही. पण निर्णय फक्त अशा तुकड्यांवर घेऊ नका. एक अख्खा विलंबित ख्याल एका बैठकीत ऐकून कान थकतात का, हे तुकड्यांतून कळत नाही.

ड्रायव्हरचा प्रकार किती महत्त्वाचा?

डायनॅमिक, बॅलन्स्ड आर्मेचर, प्लेनर, इलेक्ट्रोस्टॅटिक, आणि यांची मिश्रणं. सोनीच्या आयईआर-झेड१आरमध्ये दोन डायनॅमिक आणि एक बॅलन्स्ड आर्मेचर एकत्र आहेत. जुळवणी करणाऱ्याचा कान आणि हिशेब चांगला असेल तर कुठल्याही प्रकारातून उत्तम आवाज निघतो. अनेक ड्रायव्हर असतील तर एकाच गोष्टीवर लक्ष द्या: सपाट तान खालून वर जाताना गळ्याचा पोत मध्येच बदलतो का. बदलत असेल तर दोन ड्रायव्हरांचा सांधा दिसतो आहे.

फोनला लावून ऐकलं तर पैसे वाया जातात का?

ताकदीच्या दृष्टीने नाही. समजा ३२ ओहमच्या आयईएमची संवेदनशीलता १ मिलिवॉटला ११० डेसिबल आहे. १ मिलिवॉट म्हणजे तिथे सुमारे ०.१८ व्होल्ट. साधा डॉंगल, म्हणजे फोनला लावायचा छोटा डॅक, १ व्होल्ट देत असेल तर कमाल पातळी १२५ डेसिबलच्या घरात जाते. तेवढी कधीच लागू नये.

खरा प्रश्न आउटपुट इम्पिडन्सचा, म्हणजे फोन किंवा ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या अंतर्गत विद्युतरोधाचा, आहे. बहु-आर्मेचर आयईएमचा इम्पिडन्स प्रत्येक स्वराला वेगळा असतो. एखाद्याचा तो खाली ८ ओहम आणि वर ४० ओहम आहे असं धरा. १० ओहम आउटपुट असलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरला लावला तर वरच्या स्वरांच्या तुलनेत खालचे ५ डेसिबलनी घसरतात. १ ओहमच्या डॉंगलवर हाच फरक ०.८ डेसिबल. म्हणजे दोन मित्र एकाच आयईएमबद्दल अगदी उलट बोलत असतील आणि दोघंही खरं सांगत असतील. कॅम्पफायर ऑडिओचा अँड्रोमेडा या स्वभावासाठी प्रसिद्ध आहे. शिवाय तो इतका संवेदनशील आहे की थोड्याशा गोंगाटाच्या ॲम्प्लिफायरवर शांत जागी सूं असा आवाज येतो. आलाप ऐकणाऱ्याला हा सूंकार नक्की खुपेल, म्हणून खरेदीआधी गाणं थांबवून नुसती शांतता ऐका.

फाइलबद्दल थोडक्यात: १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची सीडीच्या दर्जाची फाइल पारखायला पुरेशी आहे. त्यावरचे आकडे तुमच्या निर्णयात फरक पाडणार नाहीत. ध्वनिमुद्रण कसं केलं आहे याने मात्र फार पडतो.

महाग केबल, शंभर तासांचं बर्न-इन, ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक: यांनी आवाज सुधारतो का?

केबलचा रोध बदलला तर वर सांगितलेल्या कमी इम्पिडन्सच्या आयईएममध्ये किंचित फरक पडू शकतो. बाकी केबल मऊ असावी, कपड्याला घासल्यावर आवाज करू नये, एवढं पुरे. ४.४ चा जॅक बहुधा जास्त व्होल्टेज देतो, म्हणून मोठा वाजतो. पातळी जुळवून ऐका. बर्न-इनमध्ये, म्हणजे नवा आयईएम तासन्‌तास वाजवत ठेवण्यात, बदलतो तो मुख्यतः ऐकणारा: नव्या आवाजाची सवय व्हायला काही दिवस लागतात. म्हणून मी पहिल्या दिवशी मत बनवत नाही, आणि परतीची मुदत बर्न-इनच्या वाट पाहण्यात घालवू नका असंही आवर्जून सांगते.

‘साउंडस्टेज’ कसा ओळखायचा?

आयईएममध्ये आवाज डोक्याच्या आतच असतो. स्पीकरचा आवाज दोन्ही कानांत पोचतो, खोलीच्या भिंतींवरून येतो, कानाच्या पाळीवर आपटतो. इथे यातलं काहीच नाही. त्यामुळे ‘सभागृहात बसल्यासारखं वाटलं’ हे वाक्य शब्दशः घेऊ नका. ओळखायचं ते जागांचं वेगळेपण: दोन तंबोरे डावी-उजवीकडे, तबला एका बाजूला, पेटी दुसऱ्या, गायक मध्ये. स्टिरिओ मैफलीच्या ध्वनिमुद्रणात या जागा स्थिर राहिल्या आणि द्रुत लयीत एकमेकांवर चढल्या नाहीत, तर उत्तम.

इक्वलायझर वापरणं म्हणजे आयईएमचा अपमान का?

मुळीच नाही. इक्वलायझर म्हणजे ठरावीक पट्ट्यातला आवाज कमी-जास्त करायची सोय; अँड्रॉइडवर वेव्हलेट, विंडोजवर इक्वलायझर एपीओ विनामूल्य मिळतात. खालचा भाग २-३ डेसिबलनी कमी करून पाहणं हा पारखण्याचाच भाग आहे. एवढ्याने आयईएम आवडू लागला तर घ्या. मात्र ६ ते १० किलोहर्ट्झमधलं टोक दुसऱ्याच्या ग्राफवरून कापू नका. ते तुमच्या कानात वेगळ्या ठिकाणी असेल. टोन जनरेटरने हळू आवाजात स्वतः सरकवत न्या, कुठे टोचतं ते शोधा, आयईएम थोडा आत-बाहेर करून टोक हलतं का पाहा, मगच हात लावा.

किती मोठ्याने ऐकावं?

जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असं आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे ५ तासच. आयईएमचा मोठा फायदा इथे आहे: बाहेरचा आवाज अडत असल्याने लोकलमध्येही हळू ऐकता येतं. फलाटावर आणि रूळ ओलांडताना मात्र काढून ठेवा.

ढोल-ताशाच्या सरावानंतर किंवा विसर्जन मिरवणुकीनंतर पारखायला बसू नका. कान काही काळ बधिर असतात आणि त्या दिवशी सगळेच आयईएम मंद वाटतात. कानात सतत शिटी वाजत असेल तर खरेदी राहू द्या, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

दुकानात पंधरा मिनिटंच मिळाली तर?

आपल्या टिपा, आपला फोन, आणि आधी कापून ठेवलेले चार तुकडे घेऊन जा: नुसता तंबोरा, तबल्याचा रेला, पेटीच्या संगतीतला पुरुष किंवा स्त्री गळा, आणि एक जुनं मोनो. पहिली तीन मिनिटं फक्त टिप बसवण्यात घाला. विक्रेत्याने सुचवलेलं गाणं सौजन्याने ऐका, निर्णय त्यावर घेऊ नका. टिपा आणि नळीचं तोंड पुसून घेतलेलं आहे ना, हे विचारायला संकोच नको.

कानाच्या मापाचा कस्टम घ्यावा का?

टिपा कधीच नीट बसत नसतील किंवा रंगमंचावर गात-वाजवत असाल तर घ्या. ऑडिओलॉजिस्ट कानात सिलिकॉन भरून साचा घेतात. गाणाऱ्यांनी तोंड उघडं ठेवून साचा द्यावा, कारण जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि ‘आ’काराला फट पडते. पुढे विकायचा झाला तर गिऱ्हाईक मिळणं कठीण.

काही महिन्यांनी एका बाजूचा आवाज कमी झाला. आयईएम बिघडला का?

बहुधा नाही. नळीच्या तोंडावरची जाळी पाहा. कानातला मळ तिथे बसला की आधी वरचे स्वर जातात, मग सगळाच आवाज. तोंड खाली धरून मऊ कोरड्या ब्रशने साफ करा. सुई घालू नका, जाळी फाटते. बदलता येणारी जाळी असेल तर बदला. मग दोन्ही बाजूंच्या केबल अदलाबदल करा. दोष केबलबरोबर दुसरीकडे गेला तर केबल बदलायची. शेवटी स्वतःचा कानही तपासून घ्या, मळ तिथेही साठतो.

आवाज कमी नाही पण डग्गा अचानक हरवला, गायक मध्यातून पसरून गेला, असं केबल काढून लावल्यानंतर झालं असेल तर केबलचा टू-पिन, म्हणजे दोन टाचण्यांचा, जोड एका बाजूला उलटा बसला आहे. डावा आणि उजवा एकमेकांच्या विरुद्ध ढकलत असतात. ती बाजू काढा, फिरवून लावा, गायक परत मध्ये येईल.